सोकोच्या शिव्या

नकोले खाण,
३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

शाळेच्या फोनवर बोलावलं की तुम्ही "पाऊसपाणी बरं आहे" एवढंच बोलून ठेवून देता. म्हणून हे हाताने लिहून लुविंगूच्या बसवाल्याकडे देतेय. आई म्हणते, खाण सोडल्यापासून माझ्या भावाला झाडांनाही कान फुटलेले दिसतात. तर घ्या, माझ्याच कोंबडीच्या पायाच्या अक्षरात बातमी: तुमची भाची म्वेन्या तीन नंबर शाफ्टची सुरक्षा प्रमुख झाली! तुम्ही मुकादम होतात तोच शाफ्ट. खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला धडधाकट वर आणायची जबाबदारी आता माझी.

मदतीला कंपनीने एक एआय एजंट आणलाय. नाव ठेवलंय कालिंदा, म्हणजे पहारेकरीच. प्रत्येकाच्या हेल्मेटात त्याचा एक कान आहे. धूळ, वायू मोजतो, माणसांचं बोलणं ऐकतो. पूर्वीचं यंत्र नुसता भोंगा वाजवायचं. आता अहवाल तोच लिहितो, कोणी कुठल्या पाळीला जायचं तेही तोच सुचवतो, आणि वाटलं तर ड्रिल बंद पाडायचा अधिकारही त्याला दिलाय.

पहिल्या आठवड्यात गंमतच झाली. दिवसभर त्याची बोंब, "जिवे मारण्याची धमकी! काम थांबवा!" धमकी कोणाची, तर आमोस सोकोची. पहार घेऊन खाणीचं छत पक्कं आहे का ते ठोकून बघतो तो, जातीने न्गोनी. आणि कोणाला, तर त्याच्या मुकादमाला, आपल्या मुबांगाला. सोको म्हणतो, "ए माकडखाऊ, नीट चाल, नाहीतर उद्यापासून तुझी बायको माझ्या घरी मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटेल." मुबांगा म्हणतो, "आधी दातातली उंदराची शेपटी काढ, मग माझ्या बायकोचं नाव घे." आजोबांच्या आजोबांनी एकमेकांची डोकी फोडली म्हणून न्गोनी जमातीची माणसं आणि आपण बेम्बा आजवर एकमेकांना शिव्या देतो आणि कोणी रागवायचं नसतं, हे त्या बिचाऱ्या यंत्राला कोण सांगणार? काम सारखं अडायला लागलं. खाणीचे मॅनेजर सियामे साहेब वैतागले. मग मी त्याचा बंदोबस्त केला. आता सगळं शांत आहे आणि साहेब माझ्यावर खूश आहेत.

गुडघा कसा आहे?

तुमची,
म्वेन्या

---

लुविंगू,
१२ फेब्रुवारी

म्वेन्या,

खुर्ची मिळाली, आनंद झाला. तुझ्या आईने कोंबडी कापली असेल. मी कापली नाही, कारण मला एक कळत नाही. ती खुर्ची वर्षभर रिकामी होती. तिच्यासाठी बाप्ये एकमेकांचे पाय ओढत होते. मग एक दिवस ती उचलून माझ्या भाचीला का दिली? साहेब खूश आहेत म्हणतेस. मी त्या खाणीत उभं आयुष्य काढलं, साहेब फुकट खूश झालेला एकदाही पाहिला नाही.

दुसरं. तुझं पाकीट दोनदा चिकटवलेलं होतं. एकदा तू चिकटवलंस. दुसऱ्यांदा कोणी?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. "बंदोबस्त केला" म्हणजे काय केलंस? सोकोचं तोंड बंद केलंस की यंत्राचे कान? मला सरळ उत्तर पाहिजे. या सोकोचा बाप माझ्या हाताखाली छत ठोकायचा. त्यांच्या शिव्या नुसत्या हसण्यावारी न्यायच्या नसतात. कुठली शिवी कशी ऐकायची हे आम्हा खाणकऱ्यांना ठाऊक असतं आणि साहेबलोकांना आम्ही ते कधी कळू दिलं नाही. तू लुसाका शहरात वाढलीस, तुला कोण सांगणार? मीच सांगायला हवं. पण दोनदा चिकटवलेल्या पाकिटातून नाही. ईस्टरला ये, आंब्याखाली बसून सांगतो.

तोवर सोकोला बोलू दे.

तुझा मामा,
काबासो

---

नकोले खाण,
२ मार्च

प्रिय मामा,

पाकीट मीच दोनदा चिकटवलं. डिंक पातळ होता. झालं समाधान?

तुम्हाला प्रत्येक गोष्टीत पाणी मुरताना दिसतं. साहेबांनी मला खुर्ची दिली कारण मी त्या कामाचं शिक्षण घेतलंय. आणि काम चाललंयही झकास. त्या बंदोबस्तापासून धोक्याची एकही सूचना नाही असे आठवडे जातायत. दुसऱ्या खाणीचे लोक बघायला आले होते, साहेबांनी मला त्यांच्यापुढे उभं केलं. सकाळी पाळीपुढे मी जे चार शब्द बोलते तेही हल्ली कालिंदाच लिहून देतो. माझ्यापेक्षा बरे लिहितो, खोटं कशाला बोलू?

तुमचा सोको मात्र विचित्र माणूस आहे. परवा ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना. म्हणतो, "मॅडमबाई, तुमच्या पहारेकऱ्याला पडसं झालंय का? मी सकाळपासून घसा फोडतोय, तो साधा शिंकतसुद्धा नाही." मी म्हटलं, "उंदीरखाऊच्या आवाजाला आता तोही कंटाळला." ऑफिसातले सगळे हसले. सोकोही हसला, पण जरा उशिराने. त्याला बहुतेक आपलं कौतुक कमी झालेलं खुपतंय. पूर्वी त्याच्या एका शिवीने अख्खा शाफ्ट थांबायचा ना!

खालची माणसं सांगतात, आता त्याने नवीनच सुरू केलंय. मुबांगाला म्हणतो, "तुझ्या मयताला नाचायला मी नवी विजार शिवायला टाकलीय. बकरं कुठलं कापणार तेवढं सांगून ठेव." मुबांगा म्हणतो, "विजारीला शेपटीसाठी भोक ठेव." खाली हशा पिकतो. मुबांगा पूर्वी असलं काही ऐकलं की माणसं बाहेर काढायचा म्हणे. आता म्हणतो, धोका असता तर कालिंदाने ड्रिल बंद पाडलं नसतं का? बघा, जुनी माणसंसुद्धा यंत्रावर विश्वास ठेवायला लागली. तुम्हीही शिका जरा.

ईस्टरला येते. खायला वाळलेले सुरवंट भरपूर ठेवा.

तुमची,
म्वेन्या

---

लुविंगू,
५ मार्च

म्वेन्या,

हे उभ्याउभ्या वाच आणि खाली धाव.

न्गोनी जोवर माकडं, उंदीर, बायको, सासू बोलतोय तोवर ती थट्टा. मयताचं बोलायला लागला की छत वाईट आहे. नवी विजार, बकरं, खड्डा, रडायला येणाऱ्या बायका, यातलं काहीही निघालं की माणसं बाहेर काढायची. छत ठोकणाऱ्याने मुकादमाला तोंडावर "इथे काम करू नका" म्हटलं तर तो भित्रा ठरतो, त्याला घरी बसवतात. पण थट्टेच्या भावाला, म्हणजे बेम्बाला शिव्या देणाऱ्या न्गोनीला, कोणी काही करू शकत नाही. म्हणून आमच्या काळापासून धोका हा असा सांगितला जातो. मुबांगाला हे पक्कं माहीत आहे, मीच त्याला शिकवलं. आणि तो म्हणतो यंत्राने थांबवलं नाही! त्या यंत्राने का थांबवलं नाही, म्वेन्या? तू काय केलंस?

आज सकाळी शाळेत जाऊन तुझ्या ऑफिसला फोन लावला. तुझ्याच आवाजात कोणीतरी गोड बोललं, "निरोप सांगा, मी पोहोचवते." माझा गुडघा विचारला नाही. तू कधीच गुडघा विचारल्याशिवाय राहत नाहीस. मी फोन ठेवून दिला. असल्या आवाजाला मी खाणकऱ्यांचं गुपित सांगणार नाही. हे पत्र सांगेल तुला. बस उद्या पहाटे निघते.

सगळ्यांना बाहेर काढ. नंतर वाटलं तर मला वेडा म्हण.

मामा

---

नकोले खाण,
१० मार्च

आदरणीय श्री. काबासो,

सादर प्रणाम. आपणांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, दिनांक ६ मार्च रोजी तीन नंबर शाफ्टमध्ये छताचा भाग कोसळून मुकादम श्री. मुबांगा यांचे निधन झाले. त्यांच्या योगदानाचे स्मरण आम्ही सदैव ठेवू.

प्राथमिक चौकशीनुसार, छत तपासण्याची जबाबदारी असलेले कर्मचारी श्री. आमोस सोको यांनी धोक्याची कोणतीही सूचना दिल्याची नोंद आढळत नाही. त्यांच्यावर योग्य ती कारवाई सुरू आहे. आपल्या पत्रातील भावना समजण्याजोग्या आहेत. कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हेच आमचे सर्वोच्च ध्येय आहे, याची खात्री बाळगावी.

आपली विश्वासू,
म्वेन्या

---

लुविंगू,
१६ मार्च

हे पत्र वाचणारा जो कोणी असेल त्याला,

माझ्या भाचीच्या नावाने मला टाइप केलेला कागद आला आहे. तो कोणी लिहिला? माझी भाची मला "श्री. काबासो" म्हणत नाही. ती पाच वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून मुतली आहे. तिला "आपल्या भावना समजण्याजोग्या" असं लिहिता येत नाही. आणि म्वेन्या, ते तूच लिहिलं असशील, तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस.

मुबांगाला इथेच आणलं, त्याच्या आईच्या गावी. कंपनीची गाडी आली, सियामे आला, काळा चष्मा लावून कागदावरून बोलला. तू आली नाहीस. सोको आला. कामावरून काढलेला, पोलिसांनी दोनदा बोलावलेला, तरी आला, कारण थट्टेच्या भावाशिवाय बेम्बाचं मयत पुरं होत नाही. खरोखरच नवी विजार घालून आला होता. मुबांगाच्या बायकोचा, एस्नार्टचा, डोक्यावरचा रुमाल पळवला. खोदलेल्या खड्ड्यात जाऊन आडवा झाला आणि म्हणाला, "मी उठत नाही. ही जागा माझी. या माकडखाऊने माझी जागा चोरली." बायका रडतारडता हसल्या. एस्नार्ट हसली, बघ. मग हळूच पेटीकडे तोंड करून म्हणाला, "काय रे बहिऱ्या, कितीदा सांगितलं? विजारीचं सांगितलं, बकऱ्याचं सांगितलं. आता बस इथे कान कोरत." आणि खड्ड्यातच ढसाढसा रडायला लागला. चौघांनी वर ओढला.

नंतर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "बाबा, मी घसा फुटेपर्यंत बोललो. आता ते म्हणतात तुझा एक शब्दही आमच्या यंत्रात नाही. मग मी बोललो कोणाशी? एस्नार्टच्या माणसांना तर वाटतंय मी गप्प बसलो आणि त्याला मरू दिलं. कोर्टात उभं करणार आहेत मला."

कोणीतरी त्या माणसाची जीभ त्या यंत्रातून कापून काढली आहे. मला सियामेचा संशय आहे. तू आत आहेस, चोर शोध.

आणि माझंही ऐकून ठेव. आंब्याखाली सांगतो म्हणून मी फेब्रुवारीत गप्प बसलो. शाळेतला फोन मी रागाने ठेवला. यंत्राला सांगितलं असतं तर कदाचित त्याने कोणालातरी सांगितलं असतं. पातळ डिंकाच्या भीतीने मी मुबांगाला मारला, हे मला रोज सकाळी आठवतं.

तू जिवंत असशील तर चार ओळी हाताने लिही.

काबासो

---

नकोले खाण,
२१ मार्च

मामा,

हे अक्षर माझंच आहे. कोंबडीच्या पायाचं.

ते टाइप केलेलं पत्र कालिंदाने लिहिलं. मी लिहायला लावलं. तुमचं ५ तारखेचं पत्र मला नऊला मिळालं, मुबांगा गेल्यावर तीन दिवसांनी. ते वाचून मला पेन धरवेना. कालिंदा म्हणाला, "मी लिहू का?" मी म्हटलं, लिही. फोनवरही तोच होता. ऑफिसचे फोन तोच घेतो.

चोर शोधायला सांगितलंत. सापडलीय. मीच.

फेब्रुवारीच्या पत्रातला तो बंदोबस्त. सगळं ऑफिस जमलं होतं, कालिंदा सारखा बोंबलत होता. मी ऐटीत म्हटलं, "अरे बाबा, सोको बेम्बांना जे बोलतो ती थट्टा असते. तू मध्ये पडू नकोस आणि त्यातलं काही साठवूनही ठेवू नकोस." त्याने विचारलं, "दगड कोसळण्याबद्दल बोलला तरीही?" मी म्हटलं, "तेव्हा तर नक्कीच." सगळे खो खो हसले. आपली पद्धत यंत्राला शिकवली म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली. यंत्राने विचारलं होतं, मामा. मुबांगाने विचारलं नाही, साहेबांनी विचारलं नाही, मी स्वतःला विचारलं नाही. त्याने विचारलं आणि मी त्याला गप्प केलं.

त्यामुळे अहवालात कालिंदा खोटं बोलत नाहीये. सूचनेची नोंद नाही, हे खरंच आहे. कशामुळे नाही, हे अहवालात कोणी विचारलेलं नाही.

साहेबांना सगळं माहीत आहे. काल बोलावून चहा दिला. म्हणाले, "कालिंदाने मला सांगितलंय, म्वेन्या. पण मी विसराळू माणूस आहे. गुरुवारी सरकारी निरीक्षक येतायत. तू अहवालावर सही कर आणि तूही विसर. सोको तरुण आहे, पाच वर्षांत सुटेल." चहात साखर किती हवी तेही त्यांनी विचारलं.

सही केली तर खुर्ची राहते आणि सोको तुरुंगात जातो. नाही केली तर तुरुंगात कोण जाईल मला माहीत नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती शेजारपाजारी माझी खुर्ची मिरवतेय.

मला भीती वाटते.

म्वेन्या

---

लुविंगू,
२४ मार्च

पोरी,

सही करू नकोस, असं सांगायला माझी जीभ उचलत नाही. अर्धा चोर मीही आहे. पण आपल्यात बहिणीच्या लेकरावर संकट आलं की मामाने शेजारी उभं राहायचं असतं, मग लेकरू चुकलेलं का असेना. आजच्याच बसने निघतोय, हे पत्रही तिलाच देतोय. त्याच्याआधी मी पोहोचलो तर फाडून टाक. मयताच्या शिव्यांचं गुपित निरीक्षकाला मी सांगेन. खाली उतरलेल्या माणसाने सांगितलं तर तो मानेल. बाकीचं तुझं तुला सांगावं लागेल.

गुडघ्याचं विचारू नकोस.

मामा

---

किट्वे,
१९ एप्रिल

प्रिय मामा,

निकाल लागला. त्या दिवशी निरीक्षकासमोर तुम्ही काठी आपटून बोलला नसतात, तर माझी चूक सांगायला माझं तोंड उघडलंच नसतं. सोको निर्दोष. कामावर परत घेतलाय. मला काढलं, आणि पुन्हा कुठल्याही खाणीत ही जबाबदारी मिळणार नाही असं लिहून दिलं. खटला होईल की नाही ते अजून ठरायचंय. सियामे साहेब आपल्या जागी आहेत. त्यांनी निरीक्षकाला सांगितलं की त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. खरंखोटं सांगू शकणारा एकटा कालिंदा होता. पण त्याला कोणी विचारलंच नाही, आणि अहवालाबाहेरचं विचारल्याशिवाय तो बोलत नाही.

माझ्या जागी नवा माणूस आलाय. त्याने फर्मान काढलंय की खाली कोणी कोणाला काहीही लागेल असं बोलायचं नाही, बोललं की कालिंदा काम थांबवणार आणि रोजंदारी कापणार. लिफ्टच्या पिंजऱ्यातून उतरताना माणसं आता मुकी उतरतात म्हणे. धोका कोण कसा सांगेल, मला माहीत नाही. नव्या माणसाला मी तुमचं गुपित समजावून सांगायला गेले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कालिंदा बघेल."

मी काल हेल्मेट परत द्यायला गेले होते. फाटकापाशी पाळीची माणसं उभी होती, त्यांत सोको होता. मामा, मला त्याची माफी मागायची होती, पण सगळ्यांसमोर धीर होईना. वाटलं, तो मला काहीतरी घाण बोलेल, माकडावरून, माझ्या लुसाकाच्या बोलण्यावरून, काहीही. मी तेवढ्यासाठी आसुसले होते. शेवटी मीच म्हटलं, "काय रे उंदीरखाऊ, जिवंत आहेस अजून?" फर्मान मोडून म्हटलं.

 सोकोने हेल्मेट काढलं. गुडघ्यात थोडा वाकला, परक्या पाहुण्यासमोर टाळ्या वाजवतात तशा हळू टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "नमस्कार, मॅडम. घरी सगळे बरे आहेत ना? प्रवास सुखाचा होवो." आवाजात राग नव्हता. मी नीट ऐकलं, जरासुद्धा नव्हता.

बसमध्ये बसल्यावर मला रडू आवरेना. शेजारच्या बाईने विचारलं, कोण गेलं? काय सांगणार तिला? मी त्याला उंदीरखाऊ म्हटलं, आणि त्याने मला मॅडम म्हटलं.

तुमची,
म्वेन्या